रेघ न ओढता

माझी रेघ सोलापुरात ओळखली जायची. हे मलाच सांगावं लागतंय, कारण आता दुसरं कुणी सांगणारं उरलेलं नाही. ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनानं प्लॅन काढायचे दिवस होते, तेव्हापासून मी एकाच आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते. शाईची रेघ चुकली तर ब्लेडनं खरवडून काढावी लागायची. इतरांच्या टेबलावर ब्लेडं संपायची, माझ्या टेबलावरचं गंजून जायचं. महापालिकेत मंजुरीच्या खिडकीतला एक जुना कारकून प्लॅन उलगडला की नाव न वाचता म्हणायचा, "ह्यो ताईंच्या हातचा." पुढं कॉम्प्युटर आला, पेन गेलं, माउस आला. माउसनंही मी बिंदूवर बिंदू असा बसवायची की बाजूची मुलं खुर्ची सरकवून बघायला यायची.

त्या हाताला थरथर सुटली.

मला कळलं ते एका जिन्यामुळं. साध्या दोन मजली घराचा जिना, सतरा पायऱ्या. प्रिंट हातात घेऊन सर माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "ही बारावी पायरी अशी का गेलीय?" बघते तर रेघ कोपऱ्यापासून जराशी सुटून बाहेर लोंबत होती. आयुष्यात माझी पायरी कधी लोंबली नव्हती. तोंडातून निघून गेलं, "माउस बिघडलाय सर." दुसऱ्या दिवशी नवा माउस आला. महिन्याभरात तोही बिघडला. मग तिसरा. सरांनी एकदाही विचारलं नाही की या बाईच्याच हातात माउस का टिकत नाहीत, आणि मला वाटलं, बरं झालं, फसले.

नवरा मोहोळला अडत दुकानात असतो, रविवारी घरी येतो. त्यानंच धरून डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी कागदावर गोल गोल वळणं काढायला लावली, हात पुढं धरायला लावला, आणि सांगितलं की जिवाला काही धोका नाही, पण हे जाणारही नाही. गोळीनं थोडं कमी होईल, मन घाबरलं की वाढेल. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "सायबाला सांगून टाक की. खून केलाय का तू?" मी त्याच्याशी दोन दिवस फोनवरही बोलले नाही. ज्या हातावर पंचवीस वर्षं खुर्ची टिकली तो हातच गेला, हे सांगायचं म्हणजे स्वतःच्या पायानं जाऊन खुर्ची परत देण्यासारखं होतं. मी ठरवलं, कुणाला कळू द्यायचं नाही. डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरायचं, क्लिक करायच्या आधी श्वास रोखायचा, आणि मोठे प्लॅन डब्याच्या सुट्टीत, आसपास कुणी नसताना करायचे.

त्यातच ऑफिसातला चहावाला माझ्या वाईटावर उठला. खालच्या टपरीवरून अकराला आणि चारला चहा येतो. सगळ्यांना कप भरून आणि मला अर्धा. आधी वाटलं, किटली संपली असेल. मग रोजच तसं. एकदा त्याच्याकडं रोखून बघितलं तर तो नजर चुकवून निघून गेला. विचारायचं माझ्या जिवावर आलं. ऑफिसात सगळ्यांत जुनी मी, आणि अर्ध्या चहासाठी भांडायचं? बाई म्हातारी व्हायला लागली की चहासुद्धा अर्धा होतो, असं मनातल्या मनात म्हणत मी तो दोन घोटांत संपवायची आणि कप जरा जोरातच खाली ठेवायची.

अशात शाळेचं काम आलं. एका शाळेच्या चौकावर सावली हवी होती. सोलापूरचं ऊन, मुलं प्रार्थनेला उभी राहिली की रांगेतली दोन-चार तरी खाली बसायची. चौकाच्या मधोमध जुना कडुलिंब होता आणि तो तोडायचा नाही असं शाळेच्या अध्यक्षांनी बजावलं होतं. म्हणजे छप्पर असं हवं की ते लिंबाला वळसा घालून वर उचललं जाईल आणि कडेला खाली उतरेल. सर म्हणाले, "हे रेघांनी होणार नाही ताई. याला मेश लागते, जाळी. नियमानं घडवलेली." आणि त्यांनी हे काम येणाऱ्या एका मुलीशी माझी गाठ घालून दिली. "यांच्याकडून शिकून घ्या. पुढची कामं अशीच येणार."

मुलगी म्हणजे तिशी ओलांडलेली, पुण्यात आर्किटेक्चर शिकून, तिथंच चार-पाच वर्षं असली छपरं करून सोलापुरात परतलेली. घर शहराच्या पूर्व भागात, घरची भाषा तेलुगू. दोन पिढ्या मागावर गेलेल्या. तिचं भारी कॉम्प्युटर घरीच होतं, म्हणून आठवड्यातून तीन दिवस दुपारी मी तिच्याकडं जायचं ठरलं. ती मला पहिल्या दिवसापासून आक्का म्हणाली. मी वळसंगची, आमच्याकडं अर्धं गाव कानडी बोलतं, तिथंही थोरल्या बहिणीला आक्काच म्हणतात. त्यामुळं मला ती परकी वाटली नाही. परकं वाटलं ते तिचं काम.

"आक्का, यात रेघ ओढायचीच नाही," ती म्हणाली.

मला वाटलं थट्टा करतेय. पडद्यावर कागद नव्हता, पट्टी नव्हती. नुसत्या चौकटी होत्या, आणि एका चौकटीतून निघून दुसरीत शिरणाऱ्या तारा. एका चौकटीत लांबी, एकीत रुंदी, एकीत किती भाग करायचे तो आकडा. तिनं आकडे टाकले आणि शेजारच्या पडद्यावर चौकाएवढं एक सपाट छप्पर आलं, बारा चौकोनांचं. चौकोनांच्या कोपऱ्यांना बिंदू, बिंदूंना जोडणाऱ्या कडा, कडांच्या मधे फलक. हीच जाळी. मग तिनं आणखी एक चौकट जोडली आणि त्यात एक हा आकडा टाकला. बाराचे अठ्ठेचाळीस झाले. प्रत्येक चौकोनाचे चार. दोन टाकले, एकशे ब्याण्णव झाले. आणि प्रत्येक वेळी छप्पर थोडं थोडं गोलाई घेत होतं, जणू कुणी हात फिरवून ते मऊ करत होतं. मग तिनं लिंब कुठं आहे ते जाळीला सांगितलं आणि एक नियम लिहिला, की झाडाच्या जवळचा बिंदू जास्त उचलायचा, लांबचा कमी. सगळी जाळी मधून उठली आणि झाडाभोवती उघडली.

मी खुर्चीत बसल्या बसल्या गार पडले. ते छप्पर मला हातानं काढायला पंधरा दिवस लागले असते आणि तरी ते इतकं नेमकं झालं नसतं. पंचवीस वर्षं मी जे कमावलं, ते या पोरीनं चहा थंड व्हायच्या आत पडद्यावर उभं केलं होतं, एकही रेघ न ओढता. त्या धक्क्यात दुःख किती होतं ते मला आजही सांगता येत नाही. कारण त्याच्या लगेच पाठोपाठ दुसरा विचार आला आणि त्यानं मला जास्त हलवलं. इथं हात लागतच नाही. आकडा टाइप करायला थरथरणारं बोटही चालतं. चुकून दोनदा दाबलं तर एक खोडायचा, संपलं. मला खुर्ची सोडावी लागणार नव्हती.

मग मी त्या शिकण्याला अशी भिडले की नवरा म्हणाला, शाळेत असताना एवढा अभ्यास केला असतास तर कलेक्टर झाली असतीस.

चुकाही तशाच केल्या. एकदा तिनं सांगितलं, आज एक फलक स्वतः बिंदू मोजून घडवायचा. चार कोपऱ्यांना क्रमांक द्यायचे आणि कुठल्या क्रमानं फिरायचं ते लिहायचं. मी लिहिलं. तिच्या नियमानं तोच क्रम सगळ्या जाळीला लागला, आणि सगळं छप्पर काळं पडलं. खालून बघितलं तर मात्र लख्ख. ती हसायला लागली.

"आक्का, तुम्ही प्रदक्षिणा घातलीय."

खरंच तसं झालं होतं. चार कोपऱ्यांभोवती फिरायचं म्हटल्यावर माझं बोट देवळात फिरतं तसं, उजवा हात आत ठेवून फिरलं होतं. ह्या जाळीला उलटं फिरायला लागतं, घड्याळाच्या विरुद्ध, तरच फलकाची सुलट बाजू वर येते. मी अख्खं छप्पर पालथं घातलं होतं, म्हणजे उन्हाकडं पाठ आणि मुलांकडं तोंड. तिनं एक चौकट जोडली आणि सगळे फलक एका झटक्यात सुलट झाले. मी विचारलं, "देवळात कधी असं उलटं फिरलं तर चालेल का गं?" ती म्हणाली, "देवाला विचारा. मला फक्त जाळीचं माहितीय."

दुपारी तिथंच जेवण असायचं. तिची अम्मा वाढायला उभी राहिली की थांबायची नाही. पहिल्या दिवशी मी "पुरे, पुरे" म्हणाले तर आणखी एक डाव भात आला. पुन्हा पुरे म्हणाले तर वरून पप्पू, म्हणजे त्यांचं घट्ट वरण. अम्माला मराठी उत्तम येतं, चाळीस वर्षं बाजार तिनंच केलाय. पण ताटापुढं बसलं की तिला मराठी ऐकू येत नाही. शेवटी मुलगी म्हणाली, "आक्का, आमच्यात 'चालु' म्हणायचं. तेलुगूत चालु म्हणजे पुरे. ते म्हटल्याशिवाय अम्मा थांबणार नाही." मी म्हणाले, मला काय सांगतेस, सोलापुरात इतकी वर्षं काढलीत. आमच्या मराठीत यंत्र चालू झालं म्हणजे सुरू झालं, तुमच्यात चालु म्हणजे बास झालं, हे काय मला नवीन नाही. आणि ताटावर आडवा हात धरून म्हणाले, "चालु." अम्मा लगेच थांबली. तेव्हापासून प्रत्येक जेवणात आमचा हा खेळच झाला. ती वाढत राहायची आणि मी अगदी शेवटी, डाव ताटावर आला की म्हणायची, चालु.

हाताचं मी तिथं कुणाला कळू दिलं नव्हतं, असं मला वाटत होतं. एकच अडचण होती, स्लायडरची. पडद्यावर एक पट्टी असते, तिच्यावरचं बटण उजवीकडं सरकवलं की आकडा वाढतो आणि छप्पर डोळ्यांदेखत बदलतं. ते बटण धरून नेमक्या जागी सोडायचं म्हणजे माझ्या हाताला पुन्हा त्याच जुन्या परीक्षेला बसवणं. मी तिला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, सरकवण्याऐवजी आकडा लिहिता येतो का. येतो, म्हणाली. मग मी कधीच सरकवलं नाही.

शाळेचे लोक छप्पर बघायला ऑफिसात आले त्या दिवशी आम्ही दोघी माझ्या टेबलावरच्या पडद्यापुढं बसलो होतो. अध्यक्ष, त्यांच्याबरोबर दोघं, आणि मागं उभे सर. सकाळपासून मी त्यात बरंच नवं काम केलं होतं, प्रत्येक तुकड्याला क्रमांक, प्रत्येक पाइपाची लांबी. सगळं नीट चाललं होतं. मी आकडा लिहायची, छप्पर बदलायचं, अध्यक्ष मान हलवायचे. मग त्यांची नजर त्या पट्टीवर गेली.

"ते बटन हलवून दाखवा की बाई. बघू कसं कसं बदलतंय ते."

तिनं लगेच हात पुढं केला. "मी दाखवते, आक्का."

मागून सरही म्हणाले, "त्यांना दाखवू द्या."

हे मला लागलं. सगळ्यांदेखत माझ्या हातून माउस काढून घेतल्यासारखं वाटलं. मी म्हणाले, "राहू दे, मी करते." आणि बटण धरलं. दोनवरून तीनवर न्यायचं होतं, इतकंच. डावा हात मनगटावर ठेवायचा तर सगळ्यांना दिसलं असतं, म्हणून ठेवला नाही. श्वास रोखला. बटण तीनवर आलं आणि हाताला झटका बसला. चार, पाच. शेजारून ती म्हणाली, "चालु, आक्का." मी बटण सोडायला बघत होते आणि बोट सोडत नव्हतं. सहा, सात. "चालु, चालु, चालु," ती म्हणत होती, आवाज खाली ठेवून, घाईनं. मी आठवर सोडलं.

बाराचे चारपट, त्याचे चारपट, असं आठ वेळा. पावणेआठ लाखांच्या वर तुकडे. त्या प्रत्येकाला माझ्याच नियमानं क्रमांक घालायचा होता. पडदा पांढरा झाला, कॉम्प्युटरचा पंखा गुरगुरायला लागला, आणि थोड्या वेळानं सगळं बंद पडलं. सकाळचं काम मी साठवलं नव्हतं. ते गेलं.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मी जे बोलले त्यानं मला अजून धक्का बसतो. मी म्हणाले, "ही चालू चालू म्हणत होती. मला वाटलं, पुढं न्या म्हणतेय."

मग अध्यक्ष मोठ्यानं हसले, त्यांच्याबरोबरचे दोघंही हसले. सोलापुरात हे असंच, एकाचं चालू ते दुसऱ्याचं बंद, असं काहीतरी कुणी म्हणालं. मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती. मग ती म्हणाली, "चूक माझीच. घाईत तेलुगू आलं तोंडात." आणि तीही थोडी हसली.

जाताना दारात अध्यक्ष सरांना म्हणाले, "पुढच्या मिटिंगला नीट मराठीत सांगणारं माणूस बसवा. ह्या बाई आहेतच की." ह्या बाई म्हणजे मी. तिनं ते ऐकलं होतं. ती तार गुंडाळत होती आणि गुंडाळतच राहिली.

ते छप्पर तिचं होतं. लिंबाला वळसा घालायचा नियम तिनं लिहिला होता. आणि मी एका शब्दानं तिला त्या खोलीतून बाहेर काढलं होतं, माझा हात लपवायला. रात्रभर मी स्वतःला समजावत राहिले की हे मुद्दाम केलं नाही, तोंडातून गेलं. पण हे तोंड माझंच होतं. तीन चांगले माउस बिघडवणारं तेच तोंड.

दोन दिवसांनी मी तिच्याकडं गेले. जाऊ नये असं फार वाटलं, पण गेले नसते तर तेही कबूल केल्यासारखंच झालं असतं. ती नेहमीसारखी वागली. गेलेलं काम तिनं परत उभं करून ठेवलं होतं. मग जेवायला बसलो आणि अम्मा भात घेऊन आली.

एक डाव पडला. दुसरा पडला. त्या घरात, त्या मुलीसमोर बसून मी तो शब्द कसा म्हणणार होते? म्हटला की मीच सिद्ध करणार होते की मला तो येतो, त्या दिवशीही येत होता. मी म्हणाले, "पुरे." अम्मानं तिसरा डाव वाढला. ती वाट बघत होती, आमच्या खेळाची. मी म्हणाले, "बास झालं हो." चौथा. भाताचा ढीग झाला, वर पप्पू पडला, तो ताटाच्या कडेला आला. मी हात आडवा धरला आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हलत होता, चांगला हलत होता, आणि मला तो मागं घेता येईना. अम्माच्या हातात डाव तसाच.

"म्हणा की, आक्का," मुलगी हळूच म्हणाली. "मला माहितीय."

मी म्हणाले, "चालु." आणि रडायला लागले. पन्नाशीची बाई, लोकांच्या घरात, भाताच्या ढिगापुढं.

अम्मा डाव ठेवून माझ्याशेजारी बसली. मुलगीच म्हणाली, "हाताचं पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं. तुम्ही स्लायडरला हात लावत नव्हता ना. मी ते काढूनच टाकणार होते, पण मग तुम्हाला कळलं असतं की मला कळलंय." मी विचारलं, "मग त्या दिवशी बोलली का नाहीस? सगळ्यांसमोर खोटं बोलले मी तुझ्यावर." ती ताटात बघत म्हणाली, "राग आला होता की. लई आला होता. पण मी खरं सांगितलं असतं तर तुमचं सगळंच गेलं असतं. माझी एक मिटिंग गेली."

मी तो भात संपवला. सगळा. उठून हात धुतला आणि क्लास न करता सरळ ऑफिसात गेले.

सर केबिनमध्ये होते. मी समोर बसले आणि उजवा हात त्यांच्या टेबलाच्या काचेवर ठेवला. दाबला नाही, झाकला नाही. काचेवर एक पेन्सिल होती, ती टिकटिक वाजायला लागली. मी सांगितलं. डॉक्टर, गोळी, मी डब्याच्या सुट्टीत करत होते ते प्लॅन, आणि शाळेच्या लोकांपुढं जे झालं ते. की मला चालु समजत होतं, बोट सोडत नव्हतं.

सरांनी उठून मागचं कपाट उघडलं. खालच्या फळीवर माझे तिन्ही माउस होते, तारा नीट गुंडाळून ठेवलेले.

"हे तिन्ही चालतात," ते म्हणाले. "तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होतो. मग वाटलं, सांगायचं नसेल. मग ही जाळीची कामं बघितली आणि वाटलं, याला हात लागत नाही."

म्हणजे ते काम मला मिळालं होतं ते माझ्या रेघेमुळं नाही. तेवढ्यात चहावाला आत आला. सरांपुढं भरलेला कप ठेवला, माझ्यापुढं अर्धा. वर्षभराचा राग एकदम वर आला. मी त्याला विचारलं, "मला रोज अर्धाच का रे?"

त्यानं सरांकडं बघितलं. सरांनी मान खाली घातली.

"सायबांनीच सांगितलंय की, ताई," तो म्हणाला. "तुमच्या हातनं सांडाय लागलंय, कुणाच्या ध्यानात यायला नको, अर्धा देत जा म्हणाले. वरीस झालं बगा."

मला आभार वाटायला हवे होते. वाटले नाहीत. राग आला, सगळ्यांचा, इतकं जपून वागल्याचा. वर्षभर मी लपवत होते आणि वर्षभर हे सगळे मिळून माझं लपवणं लपवत होते. आणि त्या सगळ्यात बाहेर काढली गेली ती एकटी ती मुलगी.

मी म्हणाले, "अध्यक्षांना फोन लावा."

"मी बोलतो."

"नाही. मला द्या."

त्यांनी लावून फोन माझ्या हातात दिला. तो कानाशी हलत होता, कानातलं त्याच्यावर आपटत होतं. मी सांगितलं की त्या दिवशी शब्दाची चूक नव्हती, माझ्या हाताला थरथर आहे आणि मी खोटं बोलले. की छप्पर त्या मुलीचं आहे, पुढच्या मिटिंगला तीच बोलेल आणि मी बाजूला बसून आकडे लिहीन. मग अध्यक्ष म्हणाले, "बरं. या दोघी."

चहावाला अजून दारातच उभा होता. मी त्याला म्हणाले, "माझा कप भर." त्यानं पुन्हा सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "भर की."

त्यानं काठोकाठ भरला. मी उजव्या हातानं उचलला. तो बशीत सांडला, काचेवर सांडला, थोडा पदरावर. कुणी फडकं आणायला उठलं नाही. सरांनी फक्त पुढ्यातले कागद बाजूला घेतले.